डाव्या हाताचा टाका

शैलाताईंनी कुणाला डाव्या हातानं काही दिलंय, किंवा कुणाच्या डाव्या हातातून काही घेतलंय, असं मी कधी पाहिलं नव्हतं. न्युरेम्बर्गमधल्या आमच्या बेकरीवाल्या बाईलासुद्धा त्यांनी शिस्त लावली होती. ती बिचारी डावखुरी. उरलेली नाणी सवयीनं डाव्या हातानं पुढे करायची, आणि शैलाताई हात मागे बांधून, चेहरा हसरा ठेवून, मागे रांग वाढत असताना नुसत्या उभ्या राहायच्या. शेवटी ती वैतागून नाणी काउंटरवरच्या बशीत ठेवायची. मग शैलाताई ती उजव्या हातानं उचलायच्या आणि गोड आवाजात "डांके" म्हणायच्या. बाहेर आल्यावर मी म्हणायचे, "ताई, लाज वाटते हो तुमच्याबरोबर यायला." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मग येऊ नकोस. पण लक्ष्मी डाव्या हातानं घ्यायची नाही."

म्हणूनच पुढे जे झालं ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. मी इंजिनियर आहे, भुताखेतांशी माझं देणंघेणं नाही. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते नाही कसं म्हणू?

शैलाताई बापट मूळच्या मिरजेच्या. शिकायला म्हणून जर्मनीत आल्या आणि इथल्याच एका लहानशा संग्रहालयात जुन्या कापडांची, भरतकामाची डागडुजी करायला लागल्या. जर्मनमध्ये त्या कामाला भारदस्त नाव आहे. त्या मात्र कुणी विचारलं की "शिंपीण आहे मी, मेलेल्यांचे कपडे शिवते" असं सांगून समोरच्याची बोलती बंद करायच्या. लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. उंच, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, अंगात करडा एप्रन. एप्रनच्या खिशात चिमटा, मेणाचा तुकडा आणि मेतकुटाची डबी. ब्रोटशेनला, म्हणजे इथल्या गोल पावाला, लोणी फासून त्यावर त्या मेतकूट भुरभुरायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून खायच्या. टेबलाशी बसून कधी नाही. टेबलावर "मंडळी" असायची.

मंडळी म्हणजे दुरुस्तीला आलेल्या वस्तू. कुणा सरदाराचा कोट असो की चर्चमधला पडदा, शैलाताई त्यांच्याशी अदबीनं बोलायच्या. "अहो, जरा पाठ टेका बरं," असं म्हणून मगच वस्तू उलटी करायच्या. धागा तुटला तर "तुटला" म्हणायच्या नाहीत, बांगडीसारखा तो "वाढला". आणि संध्याकाळी दिवा मालवून निघताना दारात वळून, ज्याचं काम चालू असेल त्याला म्हणायच्या, "येते हं."

निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडे घरोघरी शिकवतात. पण कोटाला? मी हसले की त्या म्हणायच्या, "इतक्या वर्षांनी त्याच्याकडे कुणी लक्ष देतंय. त्याला वाटायला नको, ही बाई गेली ती गेली."

संग्रहालयाचे प्रमुख हेर फोग्ट (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत) हे कट्टर नास्तिक गृहस्थ. गणपतीचा प्रसाद म्हणून शैलाताईंनी त्यांना लाडू दिला तेव्हा त्यांनी फोन उजव्या हातात धरून डावा पुढे केला. "उजवा हात, हेर डॉक्टर!" शैलाताई अशा काही कडाडल्या की त्यांच्या हातून फोनच पडला. तेव्हापासून शैलाताई समोर दिसल्या की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे व्हायचा. आपल्यावर कसला संस्कार झालाय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या संग्रहालयात ती पिशवी आली आणि शैलाताईंच्या टेबलावरची बाकीची मंडळी कपाटात गेली.

अमेरिकेच्या उत्तरेला मोठमोठ्या तळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी ओजिब्वे हे एक. त्यांच्या बायका मण्यांच्या पिशव्या करायच्या आणि पुरुष सणासमारंभाला त्या खांद्यावरून आडव्या घालायचे. ही पिशवी कुणा जर्मन कुटुंबाच्या माळ्यावर कितीतरी वर्षं पडून होती. पणजोबांनी प्रवासात विकत घेतलेली, एवढंच घरच्यांना माहीत. त्यांनी ती संग्रहालयाला दिली, आणि हेर फोग्टनी शोध घेऊन जिनं ती केली तिच्या नातीची नात शोधून काढली. एका जुन्या फोटोत त्या घरातल्या पुरुषाच्या अंगावर हीच पिशवी होती. ती आता त्यांच्याकडे परत जायची होती.

शैलाताईंनी मला मुद्दाम बघायला बोलावलं. काळी मखमल, आणि तिच्यावर मण्यांची वेल. गुलाबासारखी फुलं, ओकची पानं, बोरांसारखी फळं, वेलीला बारीक बारीक केसाळ काटे. खाली लोकरीचे गोंडे. खांद्यावरचा पट्टा वीतभर रुंद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी. एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला नुसती पानं.

"जोड जमली नाही वाटतं," मी म्हणाले.

"मुद्दाम आहे ते. त्यांच्यात असंच करतात. रानात दोन्हीकडे सारखं उगवतं का?" मग त्यांनी हलकेच पिशवीचं अस्तर दाखवलं. पिठाच्या पोत्याचं कापड होतं. "पीठ संपलं की पोतं धुऊन अस्तराला. नक्षीसुद्धा पिठाच्या खळीनं काढायची मखमलीवर. भूर्जाच्या सालीचे आकार कापून ठेवलेले असायचे, पान, फूल. ते ठेवायचे आणि कडेनं खळ फिरवायची. बाई स्वयंपाकघरातून फार लांब गेलेली नाही बघ."

"आणि तोंड कुठंय हिचं? आत काही ठेवायचं कुठून?"

"तोंड नाही. काही पिशव्यांना नसतंच. नुसती मिरवायची."

"म्हणजे रुखवतासारखं."

"गेनाऊ! अगदी तसंच!" शैलाताई खूश झाल्या. त्यांच्या आई मिरजेत लोकांच्या मुलींच्या रुखवतासाठी मण्यांची तोरणं, चौफुले, पाटावरचे मोर करून द्यायच्या. सुई धरायला त्या आईकडूनच शिकल्या. आईनं खास शैलाच्या लग्नासाठी म्हणून एक तोरण घेतलं होतं करायला. ते अर्धं राहिलं आणि आई गेल्या. ते अर्धं तोरण शैलाताईंच्या कपाटात मलमलीत गुंडाळून ठेवलेलं होतं. निवृत्त झाल्यावर पुरं करीन, असं त्या दरवर्षी म्हणायच्या.

पिशवीच्या पट्ट्यावर, नेमकं खांद्यावर येतं तिथे, तळव्याएवढी जागा उघडी पडली होती. मणी गळून गेले होते, मखमल तेवढी उरली होती. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे अशी जागा भरत नाहीत, आहे तशी सांभाळतात. पण त्या घरच्या बाई, लोरेन त्यांचं नाव, व्हिडिओवरून म्हणाल्या होत्या, "भरा. आमच्या आज्या अर्धवट काम घरात येऊ द्यायच्या नाहीत." मणी शैलाताईंनी बव्हेरियातल्या एका गावातून मिळवले. तिथे बोहेमियातून आलेल्या काचकारागिरांची जुनी घरं आहेत. त्यांच्या कोठारात एक पिवळा निघाला, जो आता कुणी करत नाही. शैलाताई त्याला तुपकट पिवळा म्हणायच्या.

आता माझा यात हात कसा लागला ते सांगते. मी ज्या कंपनीत काम करते तिथे यंत्रांचे भाग न फोडता आतून तपासतात. डॉक्टरकडच्या सीटी स्कॅनसारखंच, पेशंट तेवढा ॲल्युमिनियमचा. शैलाताईंना मण्यांखालून दोरा कसा गेलाय ते बघायचं होतं. हेर फोग्टनी आमच्या साहेबांना रीतसर विचारलं आणि एका शुक्रवारी पिशवी आमच्या यंत्रात बसली. ती आत जाताना शैलाताई म्हणाल्या, "घाबरू नका आजी, मी आहे इथे." माझा सहकारी मला विचारत होता, बाई काय म्हणतायत. मी त्याला सांगितलं, काही नाही, सेटिंग विचारतायत.

हे काम दोन सुयांनी करतात. एका सुईत मणी ओवायचे, ती सर खळीच्या रेषेवर आडवी ठेवायची, आणि दर दोन मण्यांमागे दुसऱ्या सुईनं वरून एक बारीक टाका घालून ती दाबायची. दोन मणी, एक टाका. दोन मणी, एक टाका. पडद्यावर आम्ही मणी बाजूला केले आणि नुसते टाके ठेवले. शैलाताई चष्मा कपाळावर चढवून खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हवेत हात फिरवून पाहिला, आधी उजवा, मग डावा.

"सगळे टाके उलटे कललेत," त्या म्हणाल्या. "आजी डावखुऱ्या होत्या."

आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू सोयरीक पक्की झाल्यावर त्या घराण्याबद्दल काहीतरी नको ते कळावं. "असू दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "असतात काहीजणी."

त्यांनी आधी उजव्या हातानंच ती जागा भरली. मणी तेच, रंग तेच, नक्षी तीच, पण तो तुकडा कवळी बसवल्यासारखा दिसायचा. उजेड त्याच्यावर वेगळा पडायचा. शैलाताईंनी भरलं, उसवलं, पुन्हा भरलं, पुन्हा उसवलं. मग एक दिवस त्यांनी मखमलीचा वेगळा तुकडा घेतला आणि डाव्या हातात सुई धरली. "तिच्या हातानं केलं तरच बसेल," म्हणाल्या. सुरुवातीला लहान मुलासारखे वेडेवाकडे टाके पडायचे. उन्हाळा सरता सरता ते सरळ झाले. कुठलाही हात शिकवला की शिकतो, त्यात नवल काय, असं मला वाटलं. शैलाताईंची अट मात्र पक्की होती. डावा हात फक्त सुईला. ताट, पाणी, पैसे, देव, सगळं उजव्याकडे.

त्या वर्षी सासूबाई पुण्याहून गणपतीला आमच्याकडे आल्या होत्या, मुक्काम थंडीपर्यंत होता. सासूबाईंच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. इथल्या मराठी मंडळींचा गणपती एका चर्चच्या गेमाइंडहाउसच्या, म्हणजे समाजघराच्या, हॉलमध्ये बसतो, आणि उकडीचे मोदक दरवर्षी शैलाताईंचे. कळ्या अशा बारीक की बघत राहावं. सासूबाईंनी ताटातला एक मोदक उचलला, डोळ्यांजवळ नेला, दुसरा उचलला.

"मेधा, हे मोदक कुणी वळलेत?"

"शैलाताईंनी. का हो आई?"

"कळ्या उलट्या बाजूला वळल्यात. सगळ्यांच्या."

मी बघितलं. खरंच, आपल्या मोदकाच्या कळ्या जिकडे झुकतात त्याच्या बरोबर उलट. मी म्हटलं, असेल, घाईत झालं असेल. तेवढ्यात आरती संपली आणि शैलाताई तीर्थ द्यायला उभ्या राहिल्या. माणसं ओंजळी करून पुढे सरकत होती. पहिल्या दोघातिघांनी तीर्थ घेतलं आणि मग रांग अडली. सासूबाईंनी आपली ओंजळ मिटली होती.

"शैला, हात!"

पळी शैलाताईंच्या डाव्या हातात होती.

त्यांनी खाली पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखत होते, पण तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आपल्या घरात आपण शिरावं आणि कुणी अनोळखी माणूस आपल्या खुर्चीत बसलेला दिसावा, तसा. त्यांनी पळी उजव्या हातात घेतली. ती लटपटली आणि तीर्थ सतरंजीवर सांडलं. "माझ्या लक्षातच आलं नाही काकू," त्या पुटपुटल्या. मोदक सगळे संपले, पण त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा मागितला नाही.

त्यानंतर उजवा हात मागे मागे पडत गेला. दुखत नव्हता, बधिर नव्हता. फक्त त्याला काही सुचत नव्हतं. कुलपाशी किल्ली घेऊन नुसता थांबायचा. सही करताना त्यांच्या नावातलं पहिलं अक्षरच त्याला आठवेना. हेर फोग्टना अर्धांगाची शंका आली. ते स्वतः गाडीनं त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. मेंदूचे फोटो झाले, हातोडीनं गुडघे ठोकून झाले. काही निघालं नाही.

"ताई, लहानपणी तुम्ही डावखुऱ्या होता का? आईनं सवय मोडली असेल," मी विचारलं. तेवढाच एक दोरा माझ्या हाताला लागत होता.

"कुणास ठाऊक. सांगायला आई हवी होती."

ऑक्टोबरमधल्या एका दुपारी मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले. बाहेर धुकं एवढं होतं की खिडकीबाहेर समोरची इमारतही दिसत नव्हती. शैलाताई टेबलाशी बसून काम करत होत्या. पिशवीच्या उघड्या जागेतली वेल अर्ध्याहून जास्त भरली होती. मी समोर बसले. कोथिंबीर इथे किती महाग झालीय आणि तिला वासही कसा नाही, यावर आम्ही बोलत होतो. त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. मध्येच माझ्या लक्षात आलं, की त्या खूप वेळ माझ्याकडेच बघतायत आणि सुई चाललीच आहे. दोन मणी, एक टाका. बशीत सहा रंग होते. डाव्या हाताची सुई न अडखळता तुपकट पिवळा उचलत होती, मग हिरवा, पुन्हा पिवळा. उजवा हात मांडीवर उताणा पडला होता.

"ताई," मी म्हणाले, "बघा की तिकडे."

"मी बघत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बघितलं की चुकतं."

मला तिथून पळून जावंसं वाटलं, आणि त्यांना तिथे एकटं टाकवतही नव्हतं. सुई थांबली नाही. शैलाताईंच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं आणि ते पुसायचं उजव्या हाताला सुचत नव्हतं. मी उठून माझ्या ओढणीनं पुसलं.

"मेधा, मला माझा हात परत हवाय गं," त्या म्हणाल्या. "आईचं तोरण राहिलंय. त्यातले टाके उजव्या हाताचे आहेत. मी हा असा हात घेऊन आईच्या कामाला शिवू कशी?"

काम पुरं झाल्यावर पिशवी पुन्हा आमच्या यंत्रात आली. नवा तुकडा कुठे सुरू होतो ते मला पडद्यावर सापडेना. शेवटी काचेच्या घनतेवरून सापडला. टाक्यांवरून नाहीच. एका पानाच्या टोकाशी, मण्यांच्या खाली, एक गाठ होती. दोरा दोनदा गुंडाळून, उलट्या बाजूनं आत ओढून घेतलेली, अगदी विचित्र. अशी गाठ मी कुठे पाहिली नव्हती. म्हणून मी पहिल्या स्कॅनमधला पिशवीच्या तळाचा भाग उघडला, गोंड्यांच्या वरचा, जो तोवर कुणी उघडलाच नव्हता. तिथे प्रत्येक पानाच्या टोकाशी तीच गाठ होती. मण्यांच्या खाली, बाहेरून न दिसणारी. शैलाताईंना ती मी दाखवली नव्हती. दाखवणार कशी, मीच पहिल्यांदा पाहत होते. मी संगणक बंद केला आणि त्या दिवशी लवकर घरी आले.

सासूबाईंना मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या मीठमोहऱ्या काढतील. त्या भाजी निवडत होत्या. देठ बाजूला करत म्हणाल्या, "रोज संध्याकाळी त्या पिशवीला 'येते' म्हणते ना ती?"

"हो, सगळ्यांनाच म्हणतात."

"मग? ती बाई बसली वाट बघत. रोज कुणी आशा लावल्यावर कोण जाईल?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शैलाताईंना जेवायला बोलावलं आणि ताट वाढता वाढता बजावलं. "शैला, ज्या दिवशी ती पिशवी जाईल ना, त्या दिवशी तोंडानं स्पष्ट 'जा' म्हणायचं. 'येते' नाही, 'या' नाही. काम झालं, आता जा. कळलं?"

"काकू, पाहुण्याला जा म्हणू?"

"तुला हात हवाय ना?"

शैलाताई डाव्या हातानं वरण-भात कालवत होत्या. सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या दुसरीकडे बघायला लागल्या. थोड्या वेळानं शैलाताई म्हणाल्या, "म्हणेन."

लोरेन आल्या त्या दिवशी चौकात ख्रिसमसच्या बाजाराचे लाकडी ठेले उभे राहत होते. मला वाटलं होतं, कुणीतरी गूढ, धीरगंभीर बाई येईल. आल्या त्या साठीच्या, गुटगुटीत, जांभळ्या जॅकेटातल्या, शाळेची बस चालवणाऱ्या. आल्या आल्या म्हणाल्या, विमानातली कॉफी म्हणजे मोजे धुतलेलं पाणी होतं. सगळ्यांसाठी त्यांनी तिकडच्या तळ्यांत उगवणारा काळा, लांबट तांदूळ आणला होता. त्यांची बोटंही सुईनं टोचलेली होती. त्या स्वतः मण्यांचं काम करायच्या.

पिशवी पाहिल्यावर मात्र त्यांनी बराच वेळ तिला हात नाही लावला. मग पट्ट्यावरून अंगठा फिरवला, खालून वर, पुन्हा वरून खाली. "कुठे भरलंय तुम्ही?"

शैलाताईंनी दाखवलं. लोरेननी पानाच्या टोकाशी नखानं चाचपलं आणि त्या एकदम थांबल्या. "ही गाठ तुम्हाला कुणी शिकवली?"

शैलाताईंनी डावा हात एप्रनच्या खिशात घातला.

"तिची गाठ आहे ही," लोरेन म्हणाल्या. "माझ्या आजीला यायची, ती मला शिकवायची राहिली. जिनं ही पिशवी केली ना, ती डावखुरी होती. तिला लहानपणी घरातून उचलून लांबच्या शाळेत ठेवलं होतं. आमची भाषा बोलायची नाही, केस कापायचे, आणि डाव्या हातानं काही करायचं नाही. केलं तर तो हात पाठीशी बांधून ठेवायचे. घरी परत आली तेव्हा लोक म्हणायचे, ही उजव्या हातानंच जेवते, उजव्या हातानंच लिहिते, पण शिवायला बसली की सुई डाव्या हातात. शिवताना तिला कुणी बघत नसे, म्हणून."

हेर फोग्ट जमिनीकडे बघत होते. मला बेकरीवाली बाई आठवली, नाणी घेऊन ताटकळलेली. शैलाताईंनाही तीच आठवली असणार. त्यांनी खिशातून डावा हात बाहेर काढला आणि तो टेबलावर, पिशवीच्या शेजारी, सगळ्यांसमोर ठेवला.

पिशवी पेटीत ठेवायची वेळ झाली. पांढऱ्या कागदात, पट्ट्याला कुठे घडी पडू न देता. झाकण लावण्याआधी लोरेन वाकून पिशवीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. मग आमच्याकडे वळून हसल्या. "तिला सांगितलं, घरी चाललोय. आमच्या भाषेत निरोप घ्यायला शब्द नाही बरं का. पुन्हा भेटू, एवढंच म्हणतात."

"आमच्यातही जाते म्हणत नाहीत," शैलाताई म्हणाल्या.

मग त्या पेटीशी गेल्या. सासूबाईंचे शब्द मला पाठ होते आणि शैलाताईंनाही असणार. म्हणा, म्हणा ना एकदाचं, असं मी मनात घोकत होते. मला त्यांचा हात हवा होता. त्या पेटीत खूप वेळ बघत राहिल्या. ओठ एकदा हलले, पण शब्द आला नाही. पुन्हा हलले.

"जिला सगळे 'जा' म्हणाले, तिला मी पण जा म्हणू?" त्या मराठीत म्हणाल्या. मला की स्वतःला, कोण जाणे. मग त्यांनी पिशवीच्या पट्ट्यावर, ती वेल त्यांनी भरली होती तिथे, डावा तळवा टेकवला. "या हं आजी," त्या म्हणाल्या. "केव्हाही या."

मी घरी आल्यावर सासूबाईंनी दारातच विचारलं, "म्हणाली का?" मी नकारार्थी मान हलवली. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्या नुसत्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही जमलं नसतं."

हात परत आला नाही. वसंतात शैलाताई निवृत्त झाल्या आणि मिरजेला धाकट्या बहिणीकडे राहायला निघाल्या. विमानतळाकडे जाणाऱ्या उ-बानपर्यंत, म्हणजे भुयारी रेल्वेपर्यंत, मी पोचवायला गेले. आधी त्या बेकरीत शिरल्या. डावखुऱ्या बाईनं नाणी डाव्या हातानं पुढे केली आणि मग दचकून बशीकडे वळवली. शैलाताईंनी डाव्या हातानं तिचं मनगट धरून थांबवलं आणि नाणी तिच्या हातातूनच घेतली. ती बाई त्यांच्याकडे बघतच राहिली.

खांद्यावरच्या पिशवीत मलमलीत गुंडाळलेलं तोरण होतं. "त्याचं काय करणार?" मी विचारलं.

"पुरं करणार. डाव्यानं. आईला सांगेन, पाहुणी आली होती, तिनं हातभार लावला." त्या हसल्या, पण मग माझ्याजवळ सरकून म्हणाल्या, "भीती वाटते गं कधीकधी. सकाळी जाग आली की आधी बघते, मी आहे ना."

सरकत्या जिन्यापाशी त्यांनी मला पुढे येऊ दिलं नाही. जिना त्यांना खाली घेऊन निघाला. उजवा हात कठड्यावर नुसता ठेवलेला होता. वळून, मान तिरकी करून, त्या म्हणाल्या, "येते हं."

त्यांचा डावा हात अंगाशी खाली सोडलेला होता. अंगठा आणि तर्जनी जवळ येत होती, लांब जात होती. दोन मणी, एक टाका. दोन मणी, एक टाका. शैलाताई माझ्याकडे बघत होत्या, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

सासूबाईंनी सांगितलेला तो एक शब्द तोंडात तयार होता.

"या," मी म्हणाले. दोघींनाही.